सुटकेची साधने दडवलेली ब्रेसलेट, पदके आणि कीचेन: या चुका टाळा

सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला निघालेल्या कोणत्याही गटात हल्ली तिघाचौघांच्या मनगटावर पॅराकॉर्डचे, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोराचे, जाडसर विणलेले ब्रेसलेट दिसते. त्याच्या बकलमध्ये शिट्टी असते, चकमकीची कांडी असते, नखाएवढे पाते असते आणि वर वाटाण्याएवढे होकायंत्र बसवलेले असते. कुणाच्या केसांच्या क्लिपला करवतीचे दाते असतात, तर कुणाच्या गाडीच्या किल्लीला काच फोडण्याचे टोक आणि सीटबेल्ट कापण्याचे पाते असलेले कीचेन लटकत असते. या वस्तूंना मी खेळणी समजत नाही. गट घेऊन डोंगरात जाताना मी स्वतः त्या वापरतो आणि इतरांनाही घ्यायला सांगतो. मात्र ऐन वेळी त्या कामाला आल्या नाहीत असे जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा बहुतेक वेळा दोष वस्तूत कमी होता आणि ती एकदाही न उघडता मिरवण्यात जास्त होता.

ब्रेसलेट एकदाही न उसवणे

गेल्या जूनमध्ये गटात नव्याने आलेल्या एका मुलाला मी घरच्या गॅलरीत बसवले आणि त्याच्या हातातले ब्रेसलेट उसवून दोर मोकळा करायला सांगितले. त्याची वीण बाजारात सर्वाधिक मिळणारी, म्हणजे कोब्रा वीण होती. अशा विणीत दोराची दोन्ही टोके वितळवून शेवटच्या गाठीखाली चिकटवलेली असतात, आणि ते टोक नेमके कुठे आहे हे शोधण्यातच त्याची पहिली पाच मिनिटे गेली. नखाने जमेना, म्हणून त्याने सेफ्टी पिन मागितली. एक गाठ सुटली की पुढची तितकीच घट्ट, असे करत पंचवीस मिनिटांनी जो दोर हाती आला, तो जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा पिळलेला आणि जेमतेम अडीच मीटर लांब होता. मी त्याला दुसरे ब्रेसलेट बादलीत भिजवून दिले, तेव्हा मात्र त्याने मधेच हात टेकले. हे सगळे कोरड्या गॅलरीत, दिवसाउजेडी आणि गरम चहा पिऊन झाल्यावर घडले होते. वाऱ्यापावसात, गार पडलेल्या बोटांनी काय झाले असते याचा अंदाज त्याचा त्यालाच आला.

यावर उपाय साधा आहे. क्रोशाच्या साखळी टाक्यासारखी, एक टोक ओढताच सरसर सुटत जाणारी वीण असलेले ब्रेसलेट मिळते, तेच घ्यावे. कोब्रा वीणच आवडत असेल तर शेवटचे टोक न वितळवता आत खोचून ठेवावे, आणि दोर कुठून सुटतो ती जागा वेगळ्या रंगाच्या धाग्याने दाखवून ठेवावी. एका ब्रेसलेटमध्ये साधारण दोन ते तीन मीटर दोर असतो. तेवढ्यात तंबूचा ताण बांधता येतो, बुटाची तुटलेली नाडी किंवा सॅकचा तुटलेला पट्टा सांधता येतो, हात मोडला असेल तर फळी बांधता येते. एवढ्या कामांसाठी तो उत्तम आहे.

‘५५०’ या आकड्यावर जीव टांगणे

डोंगरातली सर्वांत धोकादायक चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. खऱ्या टाइप थ्री पॅराकॉर्डला ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो भार पेलण्याची क्षमता असते. हा दोर मुळात अमेरिकी लष्कराच्या पॅराशूटसाठी बनला, आणि तिथे एका माणसाचे वजन एका दोरावर नव्हे, तर अनेक दोरांवर वाटले जात असे. शिवाय हा आकडा गाठ नसलेल्या, कोऱ्या दोरावर हळूहळू ताण वाढवत नेल्यावरचा आहे. गाठ मारली की ताकद बरीच घटते, नायलॉन भिजले की आणखी कमी होते, आणि वर्षभर उन्हात वापरलेला दोर त्याहूनही कच्चा झालेला असतो. माणूस काही फूट जरी घसरला तरी दोरावर येणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. प्रस्तरारोहणाचा दोर नऊ ते अकरा मिलिमीटर जाड असतो आणि तो झटका शोषण्यासाठीच बनवलेला असतो, तर पॅराकॉर्ड जेमतेम चार मिलिमीटरचा. त्याला धरून कातळटप्पा उतरू नये आणि दुसऱ्याला उतरवूही नये. दोरावरून दोर घासला तर नायलॉन घर्षणाच्या उष्णतेने वितळून क्षणात तुटते, हेही लक्षात ठेवावे.

त्यातही खरा दोर हाती आला आहे का, हे घरी तपासता येते. एक टोक कापून आतले धागे मोजावेत. टाइप थ्रीमध्ये आवरणाच्या आत किमान सात धागे असतात आणि प्रत्येक धागा पुन्हा बारीक पिळांचा असतो. आत कापसासारखा भुसा निघाला तर तो दोर शोभेचा समजावा. दुसरी परीक्षा पाण्याची. कापलेला तुकडा पाण्याखाली दाबून, आतली हवा पिळून सोडल्यावर नायलॉन बुडते, पण पॉलिप्रोपिलीन वर तरंगते.

चकमकीची काळी कांडी तशीच ठेवणे

बकलमधली कांडी फेरोसेरियम या मिश्रधातूची असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेला हाच मिश्रधातू लायटरच्या दगडातही असतो. नव्या कांडीवर काळा लेप असतो. तो खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि ‘माझी कांडी बाद निघाली’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. दुसरे कारण म्हणजे गोल कडेची घासपट्टी. पट्टीची कड काटकोनात आणि धारदार हवी. ती हलकेच आणि भरभर घासण्याऐवजी दाबून, सावकाश आणि एका दिशेने ओढावी.

ठिणगी पडली तरी जाळ होईलच असे नाही. ठिणगीचे तापमान सुमारे तीन हजार अंश सेल्सिअस असले तरी तिचे आयुष्य निमिषभराचे असते, आणि जुलैमध्ये सह्याद्रीतले गवत, पाने, काटक्या सगळे ओलेचिंब असते. म्हणून कांडीसोबत व्हॅसलीन चोळलेला कापूस छोट्या डबीत हवाच. त्याचे तंतू पिंजून मोकळे केले की ठिणगी झटकन पकडतात. त्यावर कापराच्या दोन वड्या ठेवल्या तर जाळ टिकून राहतो. देवघरातला कापूर डोंगरात इतका उपयोगी पडतो हे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. मात्र हे सारे खऱ्या संकटासाठी आहे. राखीव जंगलात आग पेटवण्यावर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने निर्बंध आहेत, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर हौसेने पाडलेली एक ठिणगी अख्खा डोंगर जाळू शकते. सराव घरी, परातीत करावा.

एकाच बकलमध्ये सगळे काही कोंबणे

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या किंवा सापडण्याची शक्यता असलेल्या सैनिकांच्या सुटकेसाठी ब्रिटनने डिसेंबर १९३९ मध्ये एमआय ९ हा विभाग उभा केला. क्रिस्टोफर क्लेटन हटन हे त्यातले कल्पक गृहस्थ. त्यांनी गणवेशाच्या बटणात होकायंत्र दडवले, रेशमावर नकाशे छापले आणि वैमानिकांसाठी असे बूट करवून घेतले, की त्यांचा वरचा भाग आत दडवलेल्या छोट्या चाकूने कापून टाकला की खाली साधा नागरी बूट उरावा. झडती घेणाऱ्यांना बटणांचे गुपित कळू लागले, तेव्हा बटणाचे आटे उलटे केले गेले, म्हणजे नेहमीप्रमाणे फिरवणाऱ्याच्या हातात ते आणखीच घट्ट बसावे. पण ज्याच्या कोटावर ते बटण होते, त्याला मात्र ते कसे उघडायचे हे आधीच ठाऊक असे, कारण वैमानिकांना या साधनांबद्दल मुद्दाम व्याख्याने दिली जात.

त्या बटणात होकायंत्राखेरीज दुसरे काही नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आजच्या बकलमध्ये होकायंत्राला खेटून पोलादी घासपट्टी असते आणि तिच्याकडे सुई ओढली जाते. मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ राहून छोट्या होकायंत्राची सुई कधी कधी पूर्ण उलटी होते, आणि उत्तरेला दक्षिण दाखवणारे होकायंत्र नसलेल्या होकायंत्रापेक्षा वाईट. निघण्यापूर्वी घरी, उत्तर कुठे आहे हे पक्के माहीत असलेल्या जागी ते ताडून पाहावे, घासपट्टी बाजूला काढून पुन्हा पाहावे, आणि दोन्ही वेळा सुई वेगळी थांबत असेल तर त्यावर विसंबू नये. आपल्याकडच्या बसाल्टमध्ये लोहाची खनिजे असल्याने होकायंत्र थेट कातळावर ठेवूनही दिशा पाहू नये.

शिट्टीचेही तसेच. बकलमधल्या चपट्या शिट्टीत घाम, माती आणि दोराचे धागे अडकतात. एका मित्राला मैदानाच्या पलीकडे उभे करून ती वाजवून पाहावी. त्याला ऐकू आली नाही, तर दरीतून वर कुणालाच ऐकू जाणार नाही. आत मणी नसलेली वेगळी शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला लावणे अधिक चांगले, कारण हात जायबंदी झाला तरी ती तोंडाशी पोहोचते. मदतीचा आंतरराष्ट्रीय इशारा म्हणजे मिनिटभरात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा वेळा. फोनला रेंज असेल तर आधी ११२ लावावा.

काच फोडणारे कीचेन कुठे आणि कोणत्या काचेसाठी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये अडकून काहींचे जीव गेले. तेव्हापासून अनेक मुंबईकर गाडीत हातोडी ठेवतात. कीचेनमधले टोक हे त्याच हातोडीचे छोटे रूप आहे, पण ते घेताना तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली म्हणजे काच. गाडीची समोरची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली, म्हणजे लॅमिनेटेड असते. तिला तडे जातात, पण ती गळून पडत नाही. बाजूची काच सहसा टेम्पर्ड असते आणि तिचा चुरा होतो. मात्र अलीकडच्या काही गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये अशी सहा साधने तपासली, तेव्हा चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली, पण लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. काचेच्या कोपऱ्यातल्या छोट्या छापावर तिचा प्रकार लिहिलेला असतो. आज गाडीपाशी जाऊन चारही दारांच्या काचांवरचा छाप वाचावा आणि कोणती काच फुटेल हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

दुसरी म्हणजे साधनाचा प्रकार. पाण्यात हात जोराने फिरत नाही, म्हणून हातोडीपेक्षा दाबताच सुटणाऱ्या स्प्रिंगचे टोक बरे. ते काचेच्या मधोमध न टेकवता कोपऱ्याजवळ टेकवावे. तिसरी चूक जागेची. इग्निशनमध्ये अडकवलेल्या किल्लीला लटकणारे किंवा पर्सच्या तळाशी पडलेले कीचेन घाबरलेल्या हाताला सापडत नाही. बेल्ट लावलेल्या अवस्थेत, डोळे मिटून हात पोहोचेल तिथेच ते हवे. पाण्यात शिरलेल्या गाडीचे दार उघडण्यात वेळ दवडू नये. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी प्रत्यक्ष गाड्या पाण्यात उतरवून जे क्रम सांगितले, ते असे: बेल्ट सोडा, खिडकी उघडा, मुलांना मोकळे करा, बाहेर पडा. पॉवर विंडो पहिल्या काही क्षणांत बहुधा चालते, म्हणून बटण आधी दाबून पाहावे आणि ते चाललेच नाही तर काच फोडावी.

गळ्यात, बोटात आणि जखमेवर

पॅराकॉर्डमध्ये ओवलेले शिट्टीचे पदक गळ्यात घालायचे असेल, तर झटका बसताच सुटणारी कडी हवीच. सहजी न तुटणारा हा दोर फांदीत किंवा यंत्रात अडकला तर तोच फास होतो. लहान मुलांच्या गळ्यात तो अजिबात घालू नये.

सर्पदंश झाल्यावर ब्रेसलेटचा दोर सोडून दंशाच्या वर करकचून आवळण्याचा मोह होतो. घोणस, फुरसे, नाग, मण्यार, साप कोणताही असो, आवळपट्टी बांधू नये. उलट ब्रेसलेट, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ तत्काळ काढावे, कारण सूज चढली की ते मांसात रुततात. हात हलू न देता रुग्णाला प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

विमानप्रवासात अशी ब्रेसलेट हातात ठेवू नयेत. पाते आणि आग पेटवण्याचे साधन हँडबॅगेत चालत नाही, आणि ते दागिन्यात दडवलेले असेल तर सुरक्षारक्षकाचा संशय वाढतोच. बेड्या उघडण्याची किल्ली दडवलेल्या ब्रेसलेटविषयी एवढेच सांगतो, की आपल्याला तिचा काहीही उपयोग नाही, त्यामुळे ती घेऊच नये.

ट्रेकहून आल्यावर ओले ब्रेसलेट खुंटीला टांगणे

कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत चकमकीच्या कांडीवर पांढरट भुकटी धरते आणि काही महिन्यांत कांडी ठिसूळ होऊन मोडते. परत आल्यावर ब्रेसलेट गोड्या पाण्याने धुवावे, सावलीत पूर्ण वाळवावे, पाते पुसून त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावावा, आणि कांडीला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा. पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री तो थर एका बाजूने खरवडून, परातीत चार ठिणग्या पाडून पाहाव्यात आणि मगच ब्रेसलेट मनगटावर चढवावे.