इजिप्तचा सातबारा कसा वाचायचा

जमीन घ्यायला निघालो की आपण काय करतो, सातबारा हातात पडला की मालकाचं नाव बघून लगेच पेढे वाटत नाही, आधी इतर हक्काच्या रकान्यात बोट ठेवतो, बोजा किती, कूळ लागलंय का, फेरफार कुठले कुठले पडलेत, मग नाव. अरब प्रजासत्ताकांच्या राज्यघटना पण अशाच वाचायच्या हे मी आमच्या अभ्यासिकेत पोरापोरींना सारखं सांगत असतो (सांगलीत, विश्रामबागला), परवा एकजण म्हटली सर एकदा लिहूनच टाका की, म्हणून हे. उदाहरणाला इजिप्त घेऊ, त्याचं अधिकृत नावच 'अरब प्रजासत्ताक इजिप्त' आहे.

सामान काही लागत नाही. जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान पालथं घाला, एक लाल पेन एक निळं पेन, आणि इजिप्तच्या घटनेची २०१९ ची दुरुस्ती धरून असलेली प्रत. हे शेवटचं नीट ऐका कारण मी स्वतः आपटलोय. माझ्याकडं मूळ २०१४ चा मजकूर होता, त्यात राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ वर्षं, तीच मी अख्ख्या बॅचला शिकवली, आणि एक पोरगं मॉक इंटरव्ह्यूत ठणकावून ४ म्हणालं. तिथं त्याची जी काय झाली ती झाली, स्टँडवरनं फोन करून म्हटला सर तोंडावर पाडलं की मला. २०१९ च्या सार्वमतानं ती मुदत ६ वर्षं झालेली आहे. तेव्हापासून मी आधी फेरफार बघतो.

फेरफार पटकन उरकू. २३ जुलै १९५२ ला लष्करातल्या अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि राजा फारुखला घालवलं, १८ जून १९५३ ला प्रजासत्ताक जाहीर, पहिले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नगीब, मग नासर. १९५८ ला सीरियाबरोबर एकत्र संसार, नाव 'संयुक्त अरब प्रजासत्ताक', १९६१ ला सीरिया बाहेर पडला तरी इजिप्तनं पाटी तीच ठेवली, थेट १९७१ पर्यंत. आत्ताचं नाव त्या वर्षीचं, राष्ट्राध्यक्ष सादातच्या काळातलं. पुढं मुबारक ३० वर्षं, फेब्रुवारी २०११ ला जनतेनं उठवलं, २०१२ ला मोर्सी निवडून आले, ३ जुलै २०१३ ला लष्करानं काढले, २०१४ ला नवी घटना आणि नवे राष्ट्राध्यक्ष अब्देल फताह अल-सिसी. एवढं पानाच्या कडेला लिहून ठेवा, मधली जागा मोकळी पाहिजे.

आता चौकोन काढा. मधे राष्ट्राध्यक्ष, खाली जनता, आजूबाजूला पंतप्रधान, प्रतिनिधीगृह (संसदेचं खालचं सभागृह), सिनेट (वरचं), घटना न्यायालय, प्रांतांचे गव्हर्नर, लष्कर. नियम एकच, कुणाला मतदानानं निवडलं तर निळा बाण, कुणी कुणाला नेमलं तर लाल. पुस्तकात असतं तसं 'कायदेमंडळ कार्यकारी मंडळ न्यायमंडळ' असे तीन खांब काढत बसू नका, तीन खांब सगळ्याच देशांचे सारखे दिसतात आणि काही कळत नाही.

जनतेकडून राष्ट्राध्यक्षाकडं निळा बाण, थेट मतदान, बरोबर. पण उमेदवार व्हायलाच २० खासदारांची शिफारस नाहीतर २५,००० मतदारांच्या सह्या, त्या पण किमान १५ प्रांतांतून आणि प्रत्येक प्रांतातून हजार तरी, म्हणून त्या बाणावर एक छोटं फाटक काढा. प्रतिनिधीगृहात ५९६ जागा, त्यातल्या ५६८ निळ्या आणि २८ लाल, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या. सिनेटमधे ३००, त्यात १०० लाल! आपल्या विधान परिषदेत ७८ पैकी १२ राज्यपाल नेमतात तर त्यावरनं किती वर्षं वाद कोर्टकचेरी चालली, इथं तिसरा हिस्सा एका सहीनं. आणि ती सिनेट सल्ला देण्यापुरती, सरकार तिला उत्तर द्यायला बांधील नाही, त्यामुळं तिच्यावर फार वेळ घालवू नका, चौकोन बारीक काढा.

वेळ घालवायचा तो निळ्या बाणाच्या आत. त्या ५६८ पैकी निम्म्या २८४ जागा यादीच्या आहेत, अख्ख्या देशाचे फक्त ४ मोठे मतदारसंघ, आणि जी यादी बहुमत घेईल ती त्या मतदारसंघातल्या सगळ्या जागा नेते, बाकीच्यांना भोपळा. आपल्याकडच्या माणसाला हे चुटकीसरशी कळतं कारण साखर कारखान्याची निवडणूक बघितलेली असते, पॅनेल टू पॅनेल. फरक एवढाच की कारखान्याला आपण क्रॉस व्होटिंग करतो, ह्या पॅनेलमधला पाहुणा त्या पॅनेलमधला दोस्त, तिथं यादी फोडताच येत नाही, घ्यायची तर अख्खी घ्या. म्हणून निळं दिसलं की लगेच हुरळायचं नाही, त्या निळ्याखाली 'पॅनेल' असं लिहा.

पंतप्रधानाकडं लाल बाण राष्ट्राध्यक्षांकडूनच येतो. त्यांनी नाव द्यायचं, प्रतिनिधीगृहानं ३० दिवसांत सरकारच्या कार्यक्रमावर विश्वास दाखवायचा, नाही दाखवला तर सगळ्यात जास्त जागावाल्या पक्षाचं किंवा आघाडीचं नाव राष्ट्राध्यक्ष पुढं करतात, ते पण ३० दिवसांत नाही जमलं तर सभागृहच बरखास्त. आता कुठला खासदार दुसऱ्यांदा नाही म्हणेल सांगा, पुन्हा प्रचाराचा खर्च कुणाच्या खिशातनं. राष्ट्राध्यक्षांवर अविश्वास आणायची सोय पण आहे बरं का, दोन तृतीयांश मतं, मग सार्वमत, आणि सार्वमतात जनतेनं राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं कौल दिला की पुन्हा सभागृहच बरखास्त. हा बाण काढताना टोकाला धार काढा, तो उलटा लागतो.

गव्हर्नर २७, सगळे वरून नेमलेले, आपल्या कलेक्टरसारखंच समजा पण वजन मंत्र्याएवढं. खालच्या स्थानिक परिषदा २०११ ला कोर्टानं बरखास्त केल्या त्या परत निवडल्याच गेल्या नाहीत. आपल्याकडं झेडपी महापालिकांवर प्रशासक बसला तर चहाच्या गाड्यावर रोज बोंब होती, तिथं शिकून नोकरीला लागलेल्या पिढीनं नगरसेवकाला मतच दिलेलं नाही.

आता इतर हक्कांचा रकाना. कलम २०३, लष्कराचं बजेट घटनेनुसार एका ओळीत एकच आकडा. कलम २३४, संरक्षणमंत्री नेमायचा तर सशस्त्र दलांच्या सर्वोच्च परिषदेची मंजुरी पाहिजे. २०१४ ला हे फक्त दोन अध्यक्षीय मुदतींपुरतं होतं, २०१९ ला मुदतीची अट गेली आणि बोजा कायमचा चढला. हा बाण लष्कराच्या चौकोनातून वर जातो, राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्याही आधी. तासगावची एक पोरगी हा बाण काढताना थांबली, पेन तसंच हातात धरून म्हणाली सर हा कुठल्या रंगानं काढू, निवडून पण नाही आणि खालून वर चाललाय. आम्ही तो काळ्यानं काढला. हुकूम कुणाचा चालतो ते खुर्चीवरनं ओळखायचं नसतं हे ज्यांच्या आजोबांनी १९४२ नंतरचं प्रतिसरकार बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात शेवटी घटनेचं शेपूट वाचा, संक्रमणकालीन कलमं, जिथं कुणी पोचतच नाही. तिथं २४१ ला जोडलेलं एक जादा कलम आहे, ते म्हणतं आत्ताच्या राष्ट्राध्यक्षांची, म्हणजे सिसींची, २०१८ ची चालू मुदत ४ ऐवजी ६ वर्षांची धरा आणि त्यांना आणखी एकदा उभं राहता येईल. सलग दोनच मुदती हा नियम पुढच्या पानावर आहेच, पण चालू माणसाचं गणित मागच्या पानावर. २०१४, २०१८, मग डिसेंबर २०२३ ची निवडणूक, आणि मुदत २०३० पर्यंत.

कागद झाला की भिंतीला लावा आणि आठवडाभर तिथली बातमी आली की कुठला बाण हलला तेवढं बोटानं दाखवायचं. जमायला लागलं की सीरियाचं पान काढा, 'सीरियन अरब प्रजासत्ताक', मार्च २०२५ ची तात्पुरती घटना, संसदेच्या २१० जागांपैकी ७० राष्ट्राध्यक्षांनी नेमायच्या, बाकीच्या निवडक मतदार मंडळांकडून, आणि पंतप्रधानाचा चौकोन काढायला गेलात तर ते पदच ठेवलेलं नाही. निळं पेन ह्या पानाला फार लागायचं नाही, लाल मात्र नवीन घेऊन बसा.