गाडी माझी, फिरती कंपनीची: कार अलाउन्स कसा ठरवून घ्यावा

जून २०२१. कराडच्या टायरवाल्याने माझ्या वॅगन आरच्या पुढच्या टायरच्या नक्षीत रुपयाचं नाणं उभं धरलं. ते जेमतेम कडेपर्यंत बुडालं. "ताई, हा पावसाळा निघायचा नाही यावर. पाटणकडं जाता का आटपाडीकडं?" म्हटलं, दोन्हीकडं. चार टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून बिल झालं १८,४०० रुपये.

तेव्हा मला फिल्डवर गेलेल्या दिवसाला गाडीचे ४०० रुपये मिळायचे, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या आतबाहेर. हे मी २०१९ मध्ये कबूल केलं होतं, पेट्रोल ऐंशीच्या आसपास असताना. टायर बदलले तोवर पेट्रोलने शंभरी ओलांडली होती आणि माझे चारशे चारशेच होते. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये लॉकडाउन. फिल्ड नाही, म्हणून गाडीचे पैसे शून्य. गाडीचं कर्ज मात्र माझ्याच नावावर. टायरवाल्याच्या स्टुलावर बसून बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की दोन वर्षं मी कंपनीला गाडी फुकट वापरायला दिली होती आणि पेट्रोलातही थोडी भर घातली होती.

मी पशुवैद्यकीय औषधं आणि फीड सप्लिमेंट विकते. गोठे, पोल्ट्री, दूध संघ, व्हेट डॉक्टर, स्टॉकिस्ट (कंपनीचा माल साठवून पुढे दुकानांना देणारे). हेडक्वार्टर कराड. २०२३ मध्ये नोकरी बदलली तेव्हा गाडीचं बोलणं नीट केलं. ते कसं केलं ते सांगते. फार्मा, बियाणं, खतं, सिमेंट, कशातही फिरतीची नोकरी असली तरी गणित हेच.

पहिली गोष्ट: रकमेवर बोलायला बसू नका, आधी किलोमीटरवर बसा. "मला वीस हजार पाहिजेत" म्हटलं की समोरचा सतरा म्हणतो आणि भाजी बाजारासारखं मध्यावर तुटतं. किलोमीटरवर घासाघीस करता येत नाही, कारण टेरिटरी त्यांनीच आखलेली असते. म्हणून शेवटच्या इंटरव्ह्यूच्या आधीच तीन गोष्टी काढून घ्यायच्या. हेडक्वार्टर नक्की कुठलं? महिन्याच्या टूर प्रोग्रॅममध्ये एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) किती आणि आउटस्टेशन (मुक्कामाचे) किती? आणि माझ्याआधी इथे जो होता, त्याचं महिन्याचं रनिंग किती होतं? तिसऱ्याचं उत्तर एचआरकडे नसतं. मला ते विट्याच्या एका स्टॉकिस्टने दिलं: "आधीचे सर आठवड्यातनं दोनदा यायचे, गाडी कायम धुळीनं माखलेली."

इथे एक मेख आहे. कंपनीच्या एसएफसीत, म्हणजे स्टँडर्ड फेअर चार्टमध्ये, गाव ते गाव अंतर असतं. त्यात विटा आहे. विट्यापासून आत सात किलोमीटरवरचं पोल्ट्री शेड नाही, आणि तिथून परत फिरून दुसऱ्या वस्तीवर जायचं तेही नाही. जुन्या नोकरीत मी एक महिना रोज सकाळी-संध्याकाळी मीटरचा फोटो काढून ठेवला होता. एसएफसीप्रमाणे १,७१० किलोमीटर, मीटरवर २,२९०. नवी टेरिटरी त्याहून थोडी मोठी होती, म्हणून मी २,४०० धरले. तुमच्याकडे असे फोटो नसतील तर राजीनामा द्यायच्या आधीच्या महिन्यात काढून घ्या. पुढे कामाला येतात.

आता दर. माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल, २०१९ ची. फिल्डवर सोळाचं ॲव्हरेज देते. शोरूमचा आकडा विसरा, तो धुळीच्या रस्त्यावर एसी लावून दर अर्ध्या तासाला थांबणाऱ्या गाडीसाठी नाही. २०२३ मध्ये पेट्रोल १०६ रुपये धरलं, म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ६३ पैसे. दर १०,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग, साडेसहा हजार: ६५ पैसे. टायर ४०,००० किलोमीटर चालतात असं धरलं: ४६ पैसे. बॅटरी, ब्रेक, सस्पेन्शन मिळून वर्षाला पंधरा हजार: ५२ पैसे. चालती गाडी एवढं खाते, ८ रुपये २६ पैसे.

त्यानंतर उभी गाडी जे खाते ते. इन्शुरन्स वर्षाला १३,००० म्हणजे ४५ पैसे. आणि घसारा, जो सगळे विसरतात. ऑन-रोड ६ लाख ८० हजारांची गाडी १ लाख ८० हजार किलोमीटर झाल्यावर दोन लाखांना जाईल असं धरलं, तर ४ लाख ८० हजार रस्त्यावर सांडले: किलोमीटरला २ रुपये ६७ पैसे. एचआरला घसारा हा शब्द ऐकला की वाटतं, बाई आता गाडीची किंमत मागते आहे. तेव्हा इन्शुरन्सच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, दाखवायची. पाच वर्षांत मूळ किमतीच्या निम्म्यावर येते, तो तक्ता काही मी बनवलेला नाही.

एकूण ११ रुपये ३८ पैसे. गुणिले २,४००, महिन्याला २७,३१२. टोल वेगळा.

ऑफर लेटरच्या कच्च्या प्रतीत काय होतं? "कार अलाउन्स: १५,००० दरमहा." नुसतं पेट्रोलच १५,९०० होत होतं.

आणि खरी गंमत पुढे होती. हे पंधरा हजार सीटीसीच्या, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाच्या, आत होते. म्हणजे माझाच पगार कापून त्याच्या एका फोडीवर "कार" असं लिहिलेलं. इथे अजिबात मऊ राहू नका. कंपनीच्या कामासाठी गाडी फिरते तो खर्च कंपनीच्या धंद्याचा आहे, माझ्या पगाराचा नाही. ऑफिसचं वीजबिल कोणी मॅनेजरच्या सीटीसीत दाखवतं का? पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे सीटीसीच्या आत की वर?

दुसरा प्रश्न टॅक्सचा. दर महिन्याला ठरावीक रक्कम, हिशेब न मागता, पगारासोबत आली की ती पगारच. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून पंधरा हजारांतले ३,१२० गेले, हातात ११,८८०. तेच पैसे क्लेम करून आले, निव्वळ कामाच्या प्रवासाचे, आणि तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च अशी नोंद ठेवून कंपनीने ते प्रमाणित केलं, तर त्यावर टॅक्स लागत नाही. नव्या टॅक्स रेजिममध्येही कामाच्या प्रवासाची ही सवलत शाबूत ठेवली आहे. "नव्यात सगळं गेलं" असं सांगणारे पेरोलवाले मी पाहिलेत. गाडी काम आणि घर दोन्हीला वापरली आणि कंपनीने सगळाच खर्च दिला, तर हिशेब वेगळा. २०२३ मध्ये १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला त्यातले महिन्याला १,८०० रुपये कामाचे धरत, मोठ्या इंजिनाला २,४००, आणि वरचे तुमचं उत्पन्न. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा आकडा पेरोलकडून चालू नियमांतला घ्या, तोही मेलवर.

म्हणून मी ठरावीक रक्कम मागितलीच नाही. दोन तुकडे मागितले. उभ्या गाडीचे महिन्याला ७,५००, आणि चालत्या गाडीचे किलोमीटरला साडेआठ रुपये, टोल-पार्किंग प्रत्यक्ष. दोन तुकडे का, तर लॉकडाउन आठवून. आजारी पडले, फिल्ड बंद झालं, तरी इन्शुरन्स आणि घसारा थांबत नाहीत. उलट नुसता मोठा ठरावीक आकडा घेतला आणि सहा महिन्यांनी साहेबांनी टेरिटरीत जत आणि आटपाडी जोडली, तर वाढलेलं पेट्रोल तुमच्या खिशातून.

बोलायची वेळ एकच. त्यांनी तुम्हाला निवडल्याचं सांगितलं आहे आणि तुम्ही अजून जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला नाही, एवढ्या चार-पाच दिवसांत. त्याआधी बोललात तर हावरट ठरता, नंतर बोललात तर अडकलेले असता.

एचआरची मुलगी गोड होती. "मॅम, आपल्याकडे ग्रेडप्रमाणे पॉलिसी आहे, सगळ्या एरिया मॅनेजर्सना सेम."

"ग्रेडचं मान्य आहे. पण गाडी ग्रेड बघून पेट्रोल पीत नाही ना. नाशिक शहरात फिरणाऱ्याला आणि मला एकच आकडा कसा पुरेल?"

ती गप्प. मी पण गप्प राहिले, आणि हे मला फार जड जातं, कारण विकणाऱ्याला शांतता सहन होत नाही. मग ती म्हणाली, "मी रीजनल सरांशी बोलून सांगते." हेच पाहिजे होतं. एचआर पॉलिसी सांभाळते; रिकाम्या टेरिटरीचा त्रास रीजनल मॅनेजरला होत असतो आणि प्रवासखर्च त्याच्या बजेटमधून जातो. त्याच संध्याकाळी मी एका पानाचा हिशेब, मीटरचे फोटो आणि सर्व्हिसिंगची दोन बिलं मेल केली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "मॅडम, घसारा-बिसारा आम्ही कुणाला देत नाही."

म्हटलं, "सर, नाव काहीही द्या. 'व्हेइकल मेंटेनन्स' म्हणा. मला महिन्याचा ठरावीक भाग आणि किलोमीटरचा दर वेगळा पाहिजे." नावावरून अडू नये. त्यांना वरच्या साहेबांना समजावता येईल असा शब्द आपणच हातात द्यायचा.

शेवटी ठरलं: ठरावीक ६,०००, किलोमीटरला ८ रुपये, दोन्ही सीटीसीच्या वर, टोल फास्टॅगच्या स्टेटमेंटप्रमाणे. २,४०० किलोमीटरला २५,२०० होतात. माझ्या हिशेबापेक्षा दोन हजारांनी कमी, आणि ते मी सोडले, कारण रविवारी त्याच गाडीतून आम्ही पालीला जातो. एक अट मात्र सोडली नाही: पेट्रोल पाच रुपयांनी वर-खाली झालं की दर ३० पैशांनी हलायचा. पाच भागिले सोळा, बास. मार्च २०२४ मध्ये पेट्रोल दोन रुपयांनी उतरलं, अट पाचाची होती, दर तसाच राहिला.

कंपनीची गाडी किंवा लीज देऊ केली तर? मी घेतली नाही. घेणार असाल तर एकच कलम दोनदा वाचा: मध्येच नोकरी सोडली तर गाडीचं काय. बहुतेक वेळा उरलेली किंमत भरून ती तुम्हालाच घ्यावी लागते, आणि मग नोकरी बदलताना पगाराऐवजी गाडीचाच विचार करत बसता.

इन्शुरन्सचं मात्र कोणी बोलत नाही, आणि बोलायला पाहिजे. खासगी गाडीच्या पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही. सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं. आमच्याकडे महिनाअखेरीला स्टॉकिस्टकडून "मॅडम, येताना दोन बॉक्स घेऊन या" असा फोन येतोच. सॅम्पलची बॅग वेगळी, मिनरल मिक्स्चरच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या गोण्या वेगळ्या. त्या डिकीत असताना ठोकर बसली तर क्लेम अडकू शकतो, आणि तेव्हा साहेब म्हणतील, कोणी सांगितलं होतं न्यायला? मी मेलमध्ये लिहून घेतलं की माल ट्रान्सपोर्टनेच जाईल, आणि ड्यूटीवर अपघात झाला तर इन्शुरन्स न देणारा भाग आणि बुडालेला नो क्लेम बोनस कंपनी भरेल. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. एका क्लेमने शून्यावर येते.

हे सगळं फोनवर कबूल झालेलं काही कामाचं नाही. अपॉइंटमेंट लेटरमध्ये "कंपनी पॉलिसीप्रमाणे" एवढंच लिहितात, आणि पॉलिसी उद्या बदलते. आकडे, "सीटीसीव्यतिरिक्त" हा शब्द, अंतर मीटरप्रमाणे धरायचं की चार्टप्रमाणे, क्लेम कधीपर्यंत भरायचा आणि पैसे किती दिवसांत येणार, एवढं एका मेलमध्ये लिहून पाठवा आणि "कन्फर्म" असं उत्तर आल्यावरच राजीनाम्याला हात घाला. डीएचं, म्हणजे फिरतीच्या रोजच्या भत्त्याचं, बोलणं वेगळं ठेवा, नाहीतर एकातून काढून दुसऱ्यात घालतात.

रुजू झाल्यावर टोलसाठी एक सोय नंतर आली: १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो, २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते (सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत होता). मला आणेवाडी आणि तासवडे सारखेच लागतात, तेव्हा कंपनीलाच तो काढायला लावला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तो चालत नाही, मुंबईच्या मीटिंगवाल्यांनी लक्षात ठेवावं.

किलोमीटर वाढवून लिहू नका. नीतीचं राहू द्या. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर मीटरचं रीडिंग छापलेलं असतं आणि ती बिलं आपणच जोडत असतो.

माझा पहिला क्लेम २,६११ किलोमीटरचा गेला. तिसऱ्या दिवशी अकाउंट्समधून फोन. "मॅडम, चार्टप्रमाणे १,९८० होतात, सहाशे कापू का?" मी तो कन्फर्मचा मेल आणि महिन्याचे बावन्न फोटो पुढे ढकलले. बारा तारखेला पूर्ण पैसे आले.