तिरामिसूला पाणी सुटतंय? या चुका टाळा

गेल्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला तिरामिसू, म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम यांच्या थरांचा गार गोड पदार्थ, केलं होतं. वरून दिसायला अगदी फोटोत असतं तसं. पहिला चौकोन कापून उचलला आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात कॉफीच्या रंगाचं पाणी जमायला लागलं. पाच मिनिटांत उरलेले चौकोनही खचले. शेवटी सगळ्यांना वाट्यांमध्ये काढून दिलं.

त्यानंतर बऱ्याच वेळा केलं, कधी जमलं, कधी नाही. आता खात्रीने सांगते, की तिरामिसू बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. हे पाणी कुठून येतं ते कळलं की अर्धं काम झालं.

हा पदार्थ उत्तर इटलीतला. त्रेव्हिझो शहरातल्या ‘ले बेकेरिए’ या उपाहारगृहात तो १९७०च्या आसपास सुरू झाला असं मानतात. शेजारच्या फ्रिउली प्रांताचाही त्यावर दावा आहे आणि हा वाद तिथे अजून रंगतो. त्रेव्हिझोच्या कृतीत सहाच जिन्नस: अंड्यातला पिवळा बलक, साखर, मास्करपोने (क्रीमपासून केलेलं मऊ इटालियन चीज), सावोयार्दी (बोटासारखी लांबट, हलकी) बिस्किटं, कॉफी आणि कोको. त्यात दारू नाही, जिलेटिन नाही, कॉर्नफ्लॉरही नाही. म्हणजे क्रीम उभं राहतं ते फक्त मास्करपोनेतल्या स्निग्धांशावर. तो सांभाळला नाही तर सावरायला दुसरं काहीच नाही.

मास्करपोने जास्त फेटणं

सगळ्यात जास्त तिरामिसू इथे बिघडतात. मास्करपोने म्हणजे घट्ट केलेलं क्रीमच. साय घुसळत राहिलं की लोणी वर येतं आणि ताक खाली राहतं, तेच इथेही होतं. इलेक्ट्रिक बीटर जोरात फिरवला की एक-दोन मिनिटांत गुळगुळीत क्रीम रवाळ दिसायला लागतं, कडेला पातळ पाणी दिसतं. बीटर बाजूला ठेवा. डबा फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढा, वर पाणी साचलं असेल तर ओतून टाका आणि मास्करपोने चमच्याने किंवा स्पॅट्युलाने फक्त मऊ करून घ्या. गुठळी मोडली की थांबायचं.

नुकतंच रवाळ झालं असेल तर वाचवता येतं. दोन-तीन चमचे थंड, न फेटलेलं क्रीम घालून हाताने सावकाश हलवा, बऱ्याचदा परत जुळून येतं. लोणी आणि पाणी स्पष्ट वेगळं झालं असेल तर मात्र ते तिरामिसूत घालू नका.

घरी मास्करपोने करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या पुड्यातल्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो. त्याचं मास्करपोने सैलच राहतं. किमान ३५ टक्क्यांचं क्रीम शोधा. ते ८५ अंशांपर्यंत गरम करून ५०० मिलिलिटरला एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा. पनीरसारखं फाटण्याची वाट बघू नका, ते फाटत नाही. चमच्याच्या पाठीला दाट थर बसला की झालं. गार करून मलमलच्या फडक्यात, फ्रिजमध्येच, रात्रभर निथळू द्या. चक्का वापरला तर चालेल का, असं खूप जण विचारतात. त्याचा गोड पदार्थ छान होतो, पण त्याचा आंबटपणा कॉफीवर चढतो. मी तरी त्याला तिरामिसू म्हणणार नाही.

बिस्किट कॉफीत बुडवून ठेवणं

सावोयार्दी दिसतात कडक, पण आतून जाळीदार असतात आणि कॉफी झरकन ओढून घेतात. एका बाजूने एक सेकंद, उलटून दुसऱ्या बाजूने एक सेकंद, लगेच ट्रेमध्ये. पहिलं बिस्किट बुडवून मधोमध मोडून बघा. कडा तपकिरी आणि मध्ये बोटभर रुंद पांढरा, कोरडा पट्टा दिसला पाहिजे. तो कच्चा वाटतो, आणखी एकदा बुडवावंसं वाटतं. बुडवू नका. रात्रभरात वरच्या क्रीममधला ओलावा तिथे उतरतो आणि पट्टा आपोआप मऊ होतो. उचलताना थेंब गळत असेल तर बिस्किट जास्त भिजलं आहे.

कॉफी पूर्ण गार हवी. गरम कॉफीत बिस्किटाचा लगदा होतो आणि वरचं क्रीमही वितळतं. मोका पॉटची, म्हणजे गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीच्या भांड्यातली, कॉफी उत्तम. ती नसेल तर ३०० मिलिलिटर पाण्यात तीन-चार मोठे चमचे इन्स्टंट कॉफी, म्हणजे पितो त्यापेक्षा बरीच कडक. फिल्टर कॉफीची पूड घेताना चिकोरी नसलेली घ्या, चिकोरीचा कडूपणा क्रीमखाली वेगळा लागतो.

सावोयार्दी मिळाली नाहीत तर साधा स्पंज केक चालतो, पण तो बुडवायचा नाही. पट्ट्या कापून मंद ओव्हनमध्ये कोरड्या करायच्या आणि वरून ब्रशने कॉफी लावायची.

अंड्याच्या बाबतीत घाई

मूळ कृतीत बलक कच्चाच असतो. आपल्याकडच्या हवेत, घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असताना मी तो कधीच कच्चा घालत नाही. पाच बलक आणि १०० ग्रॅम साखर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या, खाली मंद उकळणाऱ्या पाण्याचं पातेलं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका, नाहीतर तळाशी भुर्जी होते. हात न थांबवता फेटा. आठ-दहा मिनिटांत मिश्रण फिकट, दाट होतं आणि उचललं की रिबिनीसारखं पडतं. थर्मामीटर असेल तर ७१ अंश गाठा.

मग चूक होते ती पुढे. हे मिश्रण कोमट असतानाच मास्करपोनेत घातलं जातं. स्निग्धांश वितळतो, क्रीम पातळ होतं आणि ते फ्रिजमध्ये पुन्हा नीट बसत नाही. भांड्याला हात लावल्यावर ऊब अजिबात जाणवता कामा नये. मग ५०० ग्रॅम मास्करपोनेत तीन वेळा थोडंथोडं घालून हलक्या हाताने मिसळा. २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला एवढं क्रीम आणि २४ बिस्किटं, बाराच्या दोन थरांत, बरोबर पुरतात.

अंडं खात नसाल तर मास्करपोनेत घट्ट फेटलेलं क्रीम आणि पिठीसाखर घाला, आणि बिस्किटंही बिनअंड्याची शोधा. सावोयार्दीत अंडं असतं, हे बरेच जण विसरतात.

रम किंवा मार्साला (इटालियन वाइन) घालायची असेल तर एक-दोन चमचे, आणि तेवढी कॉफी कमी करा.

फ्रिजमधला वेळ

दोन तासांत कापलं तर थर घसरणारच. किमान सहा तास, खरं तर रात्रभर. घाई म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं की कडेला बर्फाचे कण होतात आणि बाहेर आल्यावर त्यांचं पाणी होतं. ट्रे घट्ट झाका. मास्करपोने वास पटकन धरतं. शेजारी चिरलेला कांदा किंवा सुकटीचा डबा असेल तर सकाळी पहिल्या घासाला कळेल.

कोको वाढायच्या आधी दहा मिनिटं, बारीक गाळणीतून. आदल्या रात्री भुरभुरला तर ओल धरून त्याचे काळे डाग पडतात. पूड बिनसाखरेची हवी, ड्रिंकिंग चॉकलेट नको.

आणि एवढं सगळं करूनही ट्रेमध्ये पाणी दिसलंच, तर ट्रे तिरका धरून एका कोपऱ्यात किचन टॉवेलचा कागद टेकवा आणि जमेल तेवढं टिपून घ्या. मग झाकून चार तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि वितळू न देता, अर्धवट गोठलेलं असतानाच गरम सुरीने कापून वाढा. मागच्या महिन्यात असंच वाढलेलं ताट रिकामं परत आलं, आणि भाच्याने मुद्दाम याच प्रकारे करायला सांगितलंय.