सोसायटीत कचऱ्याची सभा घेताय? आधी काकांना भेटा

हॉल, माइक, चहा, लिफ्टमध्ये नोटीस. हे जमतंच, पुढे चला. सभेच्या आधी कचरा उचलणाऱ्या काकांना भेटा. गेल्या वर्षी भांडुपच्या आमच्या सोसायटीत मी दीड तास बोलले. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा, टाळ्याही पडल्या. सोमवारी सकाळी बघते तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे दोन्ही डबे काकांनी एकाच पिंपात उपडे केले. पिंपच एक होतं! त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. काकूंनी ते दारातून पाहिलं आणि मंगळवारी एकच गच्च पिशवी बाहेर ठेवली.

म्हणून सभेची वेळ काकांना विचारून ठरवा. रविवारी अकराला ते शेजारच्या इमारतीत असतात. घरकामाच्या मावशींनाही बोलवा, खरकटं त्याच टाकतात. साहेब फक्त मान डोलावतात.

स्लाइड कमी ठेवा. मुंबईच्या देवनार डम्पिंग ग्राउंडवर 1927 पासून कचरा पडतोय हे एका वाक्यात सांगा. कांजूरच्या डम्पिंगचा वास आमच्या खिडकीतच येतो, त्याचा फोटो कशाला? त्यापेक्षा टेबलावर खरा कचरा मांडा: दुधाची धुतलेली पिशवी, चहाचा चोथा, संपलेले सेल. नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात, हे आधीच ठरवून या, आमची वीस मिनिटं तिच्यावर गेली. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे, हे माइकवर मोठ्याने सांगा. कुजबुजलात तर ते सुक्यात येतात आणि काकांच्या हाताला लागतात. काका आले ना परत? येणारच.

सोसायटी 20,000 चौरस मीटरहून मोठी असेल किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा निघत असेल, तर ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं मुंबई महापालिकेने 2017 मध्येच बजावलंय. खत करणार असाल तर वाळलेल्या पानांची पोती आधी भरून ठेवा. नुसतं ओलं टाकलंत तर आठवड्यात अळ्या आणि वास, मग शिव्या तुम्हाला.

पत्रक मराठीत, हिंदीत. आठ दिवसांनी मजल्यामजल्यावर फेरी. दंडाची भाषा नको. आणि पिंपं दोन, काकांना दाखवूनच घ्या. आम्ही नंतर आणलेलं दुसरं जिन्याच्या वळणावर अडकतं.