अपघातात जखमी झाल्यास भरपाईचा दावा कसा करावा

रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, नातेवाइकांनी पहिल्या दिवसापासून कागद सांभाळावेत. औषधाच्या दुकानातली वीस रुपयांची पावतीसुद्धा फेकू नये. तिची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिची झेरॉक्सही काढून ठेवावी. पोलीस ठाण्यातून फिर्याद व पंचनाम्याच्या प्रती घ्याव्यात.

दावा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाखल होतो. अपघात महामार्गावर साताऱ्याजवळ झालेला असला, तरी जखमी व्यक्ती कोल्हापूरची रहिवासी असल्यास तो कोल्हापुरातच करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्यांचे हेलपाटे होतात. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा जखम पूर्ण भरून येण्याची वाट पाहू नये.

वकिलांची फी आधीच स्पष्ट ठरवावी. भरपाईत टक्केवारी मागणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही, आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये. महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

निकाल मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरातच सुरू झाल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.