फोर्ट विल्यमचा शर्यतीचा आठवडा कसा काढावा

वाईच्या मागच्या डोंगरउतारावर सायकली पळवणारी दोन-तीन मुले मला अधूनमधून फोन करतात. "दादा, तिकडच्या डाउनहिल शर्यतीत उतरायचे तर नेमके काय करावे लागते?" फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून काढतोय. डाउनहिल म्हणजे एकेका रायडरने सायकलवर घड्याळाशी शर्यत करत डोंगर उतरायचा. मी ग्लासगोला शिकायला आलो आणि इथेच राहिलो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मालिकेत पदरच्या पैशांनी उतरतो आणि वर्ल्ड कपला एका मैत्रिणीचा मेकॅनिक म्हणून जातो. उदाहरण फोर्ट विल्यमचेच घेतो, कारण तो उतार मला पाठ आहे.

स्कॉटलंडमधल्या आओनाख मोर डोंगरावरचा हा ट्रॅक साधारण 2.8 किलोमीटरचा, आणि तेवढ्यात सुमारे 555 मीटर खाली उतरतो. पुरुषांमधले सगळ्यात वेगवान रायडर तो साडेचार मिनिटांच्या आसपास संपवतात. 2002 ते 2024 या काळात इथे बहुतेक वर्षी वर्ल्ड कप झाला, आणि 2007 आणि 2023 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिन्नारने इथे सात वेळा वर्ल्ड कप जिंकलाय. एकाच डोंगरावर सात वेळा! तो डोंगर त्याने किती बारकाईने वाचला असेल, एवढेच मनात येते.

एक गोष्ट आधीच सांगतो. वर्ल्ड कपला नुसती फी भरून नाव देता येत नाही, यूसीआयचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे, गुण लागतात. ते राष्ट्रीय स्पर्धांमधून आणि युरोपातल्या आंतरराष्ट्रीय मालिकांमधून जमवायचे. फेऱ्यांची रचनाही गेल्या काही वर्षांत बदलत आलीय, त्यामुळे त्या वर्षीचे नियमपुस्तक स्वतः वाचा. मित्राने सांगितलेल्यावर विसंबू नका.

आता आठवडा. सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हणजे ट्रॅक वॉकचा, ज्या दिवशी सायकलला हात लावायचा नसतो. ट्रॅक पायी उतरायचा. नवे रायडर गप्पा मारत तासाभरात खाली येतात आणि तिथेच शर्यत घालवतात. आम्हाला तीन-साडेतीन तास लागतात. वळण आले की आधी त्याच्या खालच्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि वर बघायचे. बाहेर कुठून पडायचे हे ठरले की आत कुठून शिरायचे ते आपोआप कळते. मग गुडघ्यावर बसायचे. उभ्याने दिसणारा दगड आणि सायकलवरून दिसणारा दगड एक नसतो. फोनवर व्हिडिओ काढायचा तोही हँडलबारच्या उंचीवरून.

वरचा भाग उघडा, वाऱ्याचा, ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा. मधल्या झाडीत ओली मुळे आणि काळा चिखल. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर ब्रेक दाबायचा नाही हे ज्याच्या अंगी मुरलेय, त्याला ही मुळे फारशी परकी वाटणार नाहीत. ब्रेक मुळाच्या आधी, मुळावर चाके मोकळी. अवघड जागेला दोन लाइन, म्हणजे चाके न्यायच्या वाटा, ठरवायच्या, कोरड्यात कुठली आणि ओल्यात कुठली. तिसरी ठरवू नका, ऐन वेळी डोके गोंधळते.

संध्याकाळी आमचा एक नेम असतो. मैत्रीण व्हॅनमध्ये डोळे मिटून बसते आणि मी स्टॉपवॉच लावतो. ती पूर्ण ट्रॅक तोंडाने म्हणते: "डावा दगड, हलके, उजवीकडे उंच, सोड, उडी." म्हणताना तिचे हात हँडलबार धरल्यासारखे वळत असतात. पहिल्या रात्री ती तीन मिनिटांतच खाली पोचते, म्हणजे बरेच तुकडे गाळलेले असतात. ते कुठले हे मी लिहून ठेवतो आणि सकाळी ती तिथेच थांबून बघते. पात्रता फेरीच्या आदल्या रात्री तोंडाने लागणारा वेळ आणि ट्रॅकवरचा वेळ यांत चार-पाच सेकंदांचाच फरक राहिला, की मी निर्धास्त झोपतो.

सरावाला घाई नको. पहिली फेरी तुकड्यातुकड्यांत, थांबत थांबत. दिवसाला चार-पाच फेऱ्या पुरे. त्यापुढे हात भरून येतात, बोटे ब्रेकवर नीट वळत नाहीत आणि पडणे तेव्हाच होते. फेऱ्यांच्या मधे झाडीत उभे राहून इतर रायडर बघा. दुपारपर्यंत ट्रॅक बदललेला असतो. चाकोऱ्या खोल होतात, सकाळी पक्का असलेला दगड सुटून येतो.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही. "मला बरे वाटतेय" हे रायडरचे म्हणणे त्या वेळी ग्राह्य धरायचे नाही, डॉक्टरचे धरायचे. आपटलेले हेल्मेटही बाद. यावर मी कुणाशीही वाद घालत नाही.

सायकलीचे थोडक्यात. दोन्हीकडे सुमारे 200 मिलिमीटरचे सस्पेन्शन असते. सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, मोजताना हेल्मेट, पॅड, बूट सगळे चढवून बसवायचे, नुसत्या कपड्यांवर नाही. ब्रेक पॅड नवे असतील तर सपाट रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू दाबत बसवून घ्यायचे. आरे बोटांनी जोडीजोडीने दाबून बघायचे, ढिला आरा हाताला लगेच कळतो.

टायरवर मात्र मी तास घालवतो. ओल्या ट्रॅकला लांब खिळ्यांचे चिखलाचे टायर लागतात, पण खाली कठीण जमिनीवर तेच खिळे वाकून सायकल डगमगते. म्हणून मधल्या रांगांचे खिळे निपरने (कापायच्या पकडीने) अर्धे कापायचे. एकेक खिळा पकडायचा, रबर किंचित ताणले की कट्‌ करायचे. सगळे एका उंचीत आले पाहिजेत. तळहाताला घट्टे पडतात आणि तंबूत जमिनीवर काळ्या तुकड्यांचा सडा होतो. बाजूच्या खिळ्यांना हात लावायचा नाही, वळणात सायकल त्यांच्यावरच तोललेली असते.

हवेचे मी ठेच लागून शिकलो. माझ्याच एका शर्यतीला तंबूच्या उबेत मागच्या टायरमध्ये 25 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरले आणि निघालो. वर कडाक्याचा गारठा होता. तापमान पंधरा अंशांनी उतरले की दीड-दोन पीएसआय सहज कमी होतात, हे माझ्या गावीही नव्हते. झाडीतल्या पहिल्याच धारदार दगडावर रिम टेकली आणि टायर चिरला. तेव्हापासून डिजिटल गेज माझ्या खिशात असतो आणि शेवटचे मोजमाप वर, स्टार्टच्या बाजूलाच होते.

शेवटच्या उघड्या टप्प्याला इथे मोटरवे म्हणतात. मोठ्या उड्या आणि थकल्या पायांनी पेडल. तिथे वेग वरूनच आणावा लागतो. 2015 मध्ये ऑस्ट्रियाच्या लिओगांगला अमेरिकन रायडर आरोन ग्विनची चेन स्टार्टलाच तुटली, तरीही तो जिंकला. पेडल मारता येणार नव्हते, म्हणून मिळालेला वेग त्याने वाया जाऊ दिला नाही. सरावात एक फेरी मुद्दाम पेडल न मारता करून बघा, कुठे उगाच ब्रेक धरता ते कळेल.

खाणे ओळखीचेच ठेवा. शर्यतीच्या दिवशी आम्ही व्हॅनमध्ये मऊ भात आणि मेतकूट खातो, स्टार्टच्या तीन तास आधी.

गोंडोलाने, म्हणजे केबलवरच्या पाळण्याने, वर जायला पाऊण तास हाताशी ठेवा, रांग असते. वर ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) वीसेक मिनिटे पाय मारायचे, अंगावर जाड जॅकेट ठेवून. आपल्या पुढे तीन रायडर उरले की जॅकेट उतरवायचे. मी गॉगल फडक्याने नाही, फक्त फुंकरीने साफ करतो, हवा मोजतो, पुढचा एक्सल घट्ट आहे ना ते बघतो. वाटेत लाल झेंडा दिसला तर थांब आणि पुन्हा फेरी माग, एवढे मैत्रिणीला एकदा सांगतो. त्यानंतर तिच्याशी बोलत नाही. बीप सुरू होतात, गेट उघडते. मी जॅकेट आणि ट्रेनर उचलतो आणि गोंडोलाकडे पळतो.