पाहुणे गेले, दिवाळी संपली, आता घरच्या घरी आराम कसा करायचा

भाऊबीज ते तुळशीचं लग्न मधे साधारण दहा दिवस मिळतात, कार्तिक शुद्ध द्वितीया ते द्वादशी, आणि मला मनापासून वाटते की खऱ्या सुट्टीचे दिवस हेच आहेत, दिवाळीचे नाहीत. दिवाळीत आधी जाळेजळमटं, मग आपल्या नागपुरात इतवारीतली आणि बर्डीवरची खरेदी, मग रात्री उशिरापर्यंत चकल्या, मग पाहुण्यांच्या पंगती, आणि या सगळ्यात घरातलं एखादं माणूस, बहुतेक घरी आई नाहीतर सून, धड खाली टेकतच नाही. त्या माणसासाठी हे लिहून राहिले. ज्यांनी घर ओढलं त्यांचा आराम आधी, बाकीच्यांचा नंतर.

पहिलं काम म्हणजे घरात स्पष्ट सांगायचं की मी थकले आहे आणि मला चार-पाच दिवस हळू चालायचं आहे. सांगितलं नाही तर कोणाला कळत नाही, कारण भाजी रोजच्यासारखी होऊनच राहिली असते. रात्री सगळे जेवायला बसले की तेव्हाच ठरवून टाका, सकाळचा चहा कोण करणार, मशीन कोण लावणार, भाजी कोण आणणार, आणि प्रत्येक कामाला नाव लावा, नुसतं "जरा मदत करा" म्हटलं की ते काम फिरून तुमच्याकडेच येते. पोट्टे दहा-बारा वर्षांचे असतील तर ताटं उचलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, वाळलेले कपडे घड्या करणं त्यांना जमते, घड्या वाकड्या झाल्या तरी होऊ द्या, परत उघडून सरळ करायला बसू नका. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही एक-दोन दिवस पगारी सुट्टी द्या, त्यांनी याच दिवसात आपल्यासकट तीन-चार घरची जास्तीची भांडी घासलेली असतात. त्या दिवशी घरचे सगळे मिळून कमी भांड्यात भागवा.

आता झोप. खूप लोक काय करतात, पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत लोळतात, मग रात्री झोप लागत नाही, मग परत उशीर, आणि आठवडा असाच जाते. त्यापेक्षा उठायची वेळ रोजचीच ठेवा आणि झोपायला तास-दीड तास लवकर जा. मोठ्या माणसाला रात्री निदान 7 तास झोप लागतेच, दिवाळीत ती कित्येकदा चार-पाचवर आलेली असते. दुपारी पडायचं असेल तर जेवणानंतर 20 ते 30 मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत. चहाचं सांगते, आपल्याकडे कोणी आलं की चहा आणि कोणी निघालं की चहा, पण चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी अर्धं तर पाच-सहा तासांनीही अंगात असते, म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करून पहा, दोन-तीन रात्रीतच फरक जाणवेल. फोन उशाशी नको, हॉलमधे चार्जिंगला लावा, दिवाळीचे फोटो सकाळीही पाहता येतात.

पाय आणि कंबर यांच्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त तक्रार यांचीच असते. ओट्याजवळ उभं राहून आणि खाली बसून लाटून लाटून पिंडऱ्या भरून येतात. टबात कोमट पाणी घ्या, मूठभर जाडं मीठ टाका, पंधरा मिनिटं पाय बुडवून बसा, मग नीट पुसा, बोटांच्या मधलीही जागा कोरडी करा, आणि टाचांना खोबरेल लावून मोजे घाला. शुगर असलेल्यांनी मात्र हे करू नका, पायाची संवेदना कमी झालेली असली तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजते, त्यांनी नुसती हलक्या हाताने मालिश करून घ्यावी. कंबरेसाठी चटई टाकून पाठीवर झोपा आणि गुडघ्यापासून खालचे पाय दिवाणावर नाहीतर खुर्चीवर ठेवा, गुडघा काटकोनात, दहा मिनिटं असंच पडून रहा, हळू श्वास घ्या. सोऱ्या दाबून मनगट आणि अंगठा दुखत असेल तर शेकायची पिशवी लावा आणि दोन-चार दिवस कपडे पिळणं, कणीक तिंबणं दुसऱ्याला सांगा. आणि पुण्याहून ट्रॅव्हल्सनी 700 किलोमीटरच्या वर बसून आलेल्यांनी हे लक्षात ठेवा, दोन्ही पाय थोडे सुजले तर पाय उंच ठेवून उतरतात, पण एकच पाय सुजला, पिंडरीत दुखते, गरम लागते असं असेल तर मालिश करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पोटालाही सुट्टी पाहिजेच. उपाशी राहू नका, डिटॉक्स म्हणून नुसते ज्यूस पिऊ नका, साधं घरचं जेवण करा. मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी, ज्वारीच्या कण्या आणि ताक, फोडणीचं वरण आणि भात वर भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर, भाकर आणि जवसाची चटणी, सोबत मेथीचा घोळाणा म्हणजे कच्च्या मेथीची कोशिंबीर. वांग्याचं भरीत करायचं तर तेल बेतानं. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात होते आणि करणाराही दमत नाही, ते मला जास्त महत्त्वाचं वाटते. आठवडाभर एका जेवणात दोनच पदार्थ असं घरात सांगून ठेवा. फराळाचे डबे टेबलावरून उचला, समोर दिसलं की हात जातोच, येता जाता चिवडा खाल्ला की तहान वाढते आणि जेवायच्या वेळी भूकच नसते. एका वाटीत काढून चार वाजता खा, बाकीचं शेजारी, ऑफिसात, वॉचमन काकांना देऊन टाका, खराब व्हायची वाट पाहू नका. कढईतलं तळणीचं तेल काळं, चिकट झालं असेल तर त्याची भाजी करू नका, आणि सिंकमधेही ओतू नका, पाइप तुंबते, जुन्या कागदात शोषून कचऱ्यात टाका.

पाणी लोक विसरतात, थंडी सुरू झाली की तहानच कळत नाही. संत्री आता यायला लागतात, आंबिया बहाराची, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली, कॉटन मार्केटला किंवा गोकुळपेठेत सकाळी छान मिळतात. रोज एक-दोन सोलून खा, रस काढू नका, चोथा पोटात गेला तर गोड खाऊन बसलेलं पोट साफ व्हायला मदत होते. अंगणात नाहीतर गच्चीवर उन्हात बसून संत्र खायचं, हा आपल्या नागपूरचा हक्काचा आराम आहे, मे महिन्यात कोणाला उन्हात बसता येते का. नोव्हेंबरातलं सकाळचं ऊन अंगाला बरं वाटते, तेव्हाच अंगाला तीळ तेल लावून घ्या. नरक चतुर्दशीला पहाटे घाईघाईत चोळलेलं तेल ते काही अभ्यंग नव्हे, आता सावकाश लावा, खांदे, मान, तळपाय, अर्धा तास बसा, मग गरम पाण्यानं आंघोळ. उरलेलं उटणं फेकू नका, दुधात कालवून लावा, कातडी कोरडी पडली असेल तर साबणाऐवजी तेच वापरा. बाथरूममधे तेलानं पाय घसरतो, खाली रबरी मॅट टाका, घरी वयस्कर माणसं असतील तर नक्कीच.

फटाक्याच्या धुरानं आणि सफाईच्या धुळीनं घसा खवखवत असेल तर कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा, आणि फिरायला अगदी पहाटे जाऊ नका, तेव्हा धूर खालीच असते. ऊन वर आलं की अंबाझरीला नाहीतर जवळच्या बागेत वीस मिनिटं चाला, व्यायाम म्हणून नव्हे, पाय मोकळे करायला. दम्याचा पंप असलेल्यांनी तो जवळ ठेवावा. छातीत दडपण येते, चालताना धाप लागते, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखते असं काही झालं तर "ॲसिडिटी असेल" म्हणत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बीपी-शुगरच्या गोळ्या या गडबडीत चुकल्या असतील तर आजपासून परत वेळेवर, आणि एकदा तपासून घ्या.

एक गोष्ट कोणी बोलत नाही. पुण्या-बंगलोरची मुलं गेली की घर खायला उठते. काल दहा माणसं जेवली तिथे आज दोन ताटं. आई-बाबांना रडू येते, ते लपवतात, आणि मुलांना वाटते ते आराम करून राहिले. गेल्या गेल्या सगळ्या गाद्या-चादरी धुवायला काढू नका, एक-दोन दिवस राहू द्या. मैत्रिणीला दुपारी बोलवा, काही करायचं नाही, चिवडा आहेच. मुलांनीही पोचल्याचा मेसेज टाकून मोकळं होऊ नये, आठवडाभर रोज फोन करावा, दहा मिनिटं बोलावं, आई काय जेवली विचारावं. हे उदासपण चार-आठ दिवसात ओसरते, पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फोन करायला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र सुरू असते, मराठीत बोलता येते. आईबाबांच्या फोनमधे तो नंबर तुम्हीच सेव्ह करून द्या, आणि पहिल्यांदा लावताना शेजारी बसा.